कांजूरमार्गच्या ताईंचा रविवार

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की, तेहतीस वर्षं रुळांच्या देखभालीत काढल्यामुळे आजही रविवारी अकरा वाजले की माझे पाय आपोआप बुटांकडे वळतात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी ही खोड जात नाही. त्या एका वाक्यावर जी पत्रं आली, त्यांतली बरीचशी मेगाब्लॉकबद्दलची आहेत, म्हणजे रुळांच्या कामासाठी मुंबईच्या लोकलचा एखादा मार्ग रविवारी काही तास बंद ठेवतात त्याबद्दलची. काहींत प्रश्न कमी आणि शिव्या जास्त. त्या मी वाचल्या आणि बाजूला ठेवल्या, मला त्यांची सवय आहे. उरलेल्या पत्रांची ही उत्तरं.

माझी आई मुलुंडला एकटी असते. रविवारी मी तिच्यासाठी डबा घेऊन जाते. ब्लॉक असला की कांजूरमार्गच्या फलाटावर नुसती उभी राहते. गाड्या डोळ्यांदेखत जातात, थांबत एकही नाही. त्याच गाड्या विक्रोळीला थांबतात, भांडुपला थांबतात. आमच्यावरच राग का?
— एक वाचक, कांजूरमार्ग

ताई, राग नाही हो. फलाट नाही.

तुमच्या स्टेशनातून मध्य रेल्वेचा धीमा मार्ग जातो आणि जलद मार्गही जातो. रोज तुम्ही ज्या फलाटावर उभ्या राहता तो धीम्या मार्गाचा. ब्लॉकच्या पत्रकात एक वाक्य ठरलेलं असतं : ‘धीम्या मार्गावरील सेवा माटुंगा ते मुलुंड दरम्यान जलद मार्गावर वळवण्यात येतील.’ म्हणजे तुमची नेहमीची धीमी लोकल त्या दिवशी पलीकडच्या रुळांवरून येते. त्या रुळांना शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप आणि मुलुंड इथे फलाट आहेत. विद्याविहार, कांजूरमार्ग आणि नाहूर इथे नाहीत. मोटरमनने माणुसकी दाखवून गाडी थांबवली, तरी उतरणाऱ्याला खडीत उडी मारावी लागेल.

आता खरी गोम सांगतो. त्या पत्रकात गाडी कुठे थांबेल याची यादी असते. कुठे थांबणार नाही, ती वजाबाकी प्रवाशाने करायची. मी नोकरीत असताना अशी पत्रकं शेकड्याने वाचली आणि मला ती नेहमी स्वच्छ वाटली, कारण मला सगळे फलाट पाठ होते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा हातात पिशवी घेऊन नाहूरला गेलो, अर्धा तास वाट पाहिली, आणि मग अक्कल आली. फलाटाच्या जिन्याशी खडूने एवढंच लिहिलं पाहिजे : ‘आज अकरा ते चार इथे गाडी नाही.’ याहून जास्त मराठी त्या कामाला लागत नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर डबा साडेदहाच्या आत निघू दे. ते जमणार नसेल तर स्टेशनात शिरूच नका. रिक्षाने भांडुप गाठा आणि तिथून गाडी पकडा, किंवा लालबहादूर शास्त्री मार्गावरून बसने सरळ मुलुंड. जवळच्या पल्ल्यासाठी तासभर फलाटावर उभं राहण्यात शहाणपण नाही.

दर वेळी माटुंगा–मुलुंडच का? तिथलेच रूळ एवढे खराब आहेत का?
— एक वाचक, ठाणे

रूळ तिथे इतर ठिकाणांसारखेच आहेत. पण गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर मनाला येईल तिथे जात नाही, तिला सांधा लागतो, म्हणजे दोन मार्गांना जोडणारा तिरका रूळ. धीम्यावरून जलदवर नेणारे आणि परत आणणारे सांधे ठरावीक जागी आहेत. म्हणून पत्रकात तीच नावं आलटून पालटून दिसतात : माटुंगा, विद्याविहार, मुलुंड, ठाणे, कल्याण. काम भांडुपजवळच्या दोनशे मीटरमध्ये असलं, तरी गाडी माटुंग्यालाच वळवावी लागते आणि मुलुंडलाच परत आणावी लागते. तुम्ही ब्लॉकची लांबी वाचता. आमचं काम बहुतेकदा त्यातल्या दोन-चार तुकड्यांतच असतं.

मी डोंबिवलीला राहतो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. क्लास फक्त रविवारी असतो. ही कामं रात्री का करत नाहीत? रात्री तर गाड्या बंदच असतात.
— एक विद्यार्थी

हा प्रश्न मला सख्ख्या भावानेही विचारला आहे, तोही जेवताना.

रात्री कामं होतात, रोज होतात. पश्चिम रेल्वे तर शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री बऱ्याचदा जम्बो ब्लॉक घेते. पण रात्रीचा हिशेब करून बघ. शेवटची लोकल एकच्या पुढेमागे जागेवर लागते. पहाटे चारच्या सुमाराला पहिली सुटायची असते. जलद मार्गावर तर मेल-एक्सप्रेसना रात्र-दिवस सारखेच. हातात कागदावर तीन तास येतात. त्यातले खरे किती?

रविवारचाच ब्लॉक सांगतो, म्हणजे कळेल. समज, वेळ ११ वाजून ५ मिनिटांची आहे. शेवटची गाडी पुढे गेली की मी स्टेशन मास्तरकडून ब्लॉक मागणार. तो कंट्रोलशी, म्हणजे गाड्यांच्या नियंत्रण कक्षाशी बोलणार, आमच्यात प्रायव्हेट नंबरांची देवाणघेवाण होणार आणि ती वहीत चढणार. हा नंबर म्हणजे शब्दाला लावलेलं कुलूप : अमक्या वेळी, अमक्याने, अमका मार्ग ताब्यात दिला. मग ओव्हरहेड वायरची वीज बंद. पण बंद झाली असं कुणी सांगून चालत नाही. वायरमध्ये २५,००० व्होल्ट असतात. कामाच्या दोन्ही बाजूंना ओव्हरहेडची माणसं अर्थिंगचे, म्हणजे चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारे दांडे वायरला अडकवतात, आणि ते अडकलेले स्वतः बघितल्याशिवाय मी माझ्या एकाही माणसाला वर हात करू देत नसे. एवढ्यात साडेअकरा.

शेवटीही तेच, उलट्या क्रमाने. अवजारं मोजायची. पहारी किती आणल्या, किती परत आल्या. रुळांमधलं अंतर पट्टीने तपासायचं : १६७६ मिलिमीटर. दोन रुळांची उंची तपासायची. माणसं बाजूला, दांडे काढले, वीज सुरू, नंबर परत. पाच तासांच्या ब्लॉकमध्ये काम होतं चार तास. रात्रीच्या तीनमधून उरतात दोन, नशीब चांगलं असेल तर. त्यात खडी ठोकून बसवणारं मशीन दूरच्या सायडिंगमधून गाडीसारखं चालत यायचं असतं आणि पहिल्या लोकलच्या आधी परत जायचं असतं.

दोन तासांत एखादा रूळ बदलता येईल, पण खडी चाळता येत नाही. मुंबईची खडी म्हणजे काय चीज आहे, ते लोकलच्या दारात उभं राहून कळत नाही. वरचे दगड दिसतात तेवढे. खाली चिखल, प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, निर्माल्य, आणि भिंतीपलीकडून भिरकावलेलं बरंच काही, ज्याचं नाव मासिकात घेत नाही. खडीचं काम दोन : गाडीचा भार जमिनीत पसरवायचा आणि पाणी वाहू द्यायचं. तिच्यात चिखल भरला की पाणी तुंबतं, आणि गाडी गेली की स्लीपर, म्हणजे रुळांखालचा आडवा ठोकळा, वरखाली होऊन चिखलाच्या पिचकाऱ्या उडवतो. म्हणून सगळी खडी स्लीपरखालून उपसून, चाळून, घाण बाजूला टाकून परत भरावी लागते. ते मशीन करतं, पण त्यालाही सलग वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये ब्लॉक वाढल्यासारखे वाटतात ते यामुळेच, पावसाच्या आधी जेवढं होईल तेवढं उरकायचं असतं.

रविवारच का, तर त्या दिवशी गाड्याही कमी असतात आणि ऑफिसची गर्दी नसते. अकरा ते चार का, तर सकाळी बाहेर पडलेली माणसं तोवर पोचलेली असतात आणि संध्याकाळी परतणारी अजून निघालेली नसतात. तुझा क्लास या हिशेबात कुणी धरलेला नाही, हे खरं आहे.

ब्लॉक वेळेत सुटला नाही की आम्ही ‘ब्लॉक बर्स्ट झाला’ म्हणतो. माझाही झालाय. रुळाला वेल्ड मारायचा होता, रूळ कापण्याच्या यंत्राने मधेच मान टाकली. दुसरं यंत्र मागवलं नव्हतं, ती चूक सर्वस्वी माझी. वेल्ड ओतल्यावर निदान अर्धा तास त्यावरून गाडी सोडत नाहीत, तिथे हातघाई चालत नाही. चाळीस मिनिटं वर गेली. मागे लोकलची रांग लागली. पहिली गाडी मी समोर उभा राहून पायी चालीने नेली तेव्हा दारांतून जे ऐकलं, ते अजून पाठ आहे. सासूबाई त्याच रांगेतल्या दुसऱ्या गाडीत होत्या. घरी आल्यावर त्या फक्त म्हणाल्या, “आज कुणा मेल्याने घोळ घातला हो, जावईबापू?” मी पाणी आणून दिलं.

मी नेरूळला राहते. ब्लॉकच्या दिवशी हार्बरचा पास मेन लाइनवर चालतो का? टीसी ऐकेल का? आणि मेगाब्लॉक, जम्बो ब्लॉक, पॉवर ब्लॉक यांत फरक काय?

चालतो. हार्बरला, म्हणजे तुमच्या पनवेलकडच्या मार्गाला ब्लॉक असेल त्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मेन लाइन (ठाणे–कल्याणकडची) किंवा पश्चिम मार्गाने प्रवासाची मुभा पत्रकातच दिलेली असते. पत्रकाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, टीसीशी वाद घालण्यापेक्षा तो दाखवणं सोपं. तुम्हाला ठाणे–नेरूळ मार्गही आहे, पण त्या दिवशी तोही ब्लॉकमध्ये नाही ना, तेवढं बघा. कधी कधी पनवेल–कुर्ला अशा खास गाड्या सोडतात, त्या कुर्ल्याला आठ नंबरवर लागतात.

मेगा आणि जम्बो ही एकाच गोष्टीची दोन बारशी. मध्यने एक नाव ठेवलं, पश्चिमने दुसरं. पॉवर ब्लॉक म्हणजे वरची वीज बंद, ट्रॅफिक ब्लॉक म्हणजे खालची वाहतूक बंद. बहुतेकदा दोन्ही लागतात.

२०२४ मध्ये ठाण्याला तीन दिवस ब्लॉक घेतला. एवढं काम रविवारी-रविवारी थोडं थोडं करता आलं नसतं का?
— एक वाचक, कळवा

३१ मे २०२४ पासूनच्या ६३ तासांबद्दल विचारताय. त्याच दिवसांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला ३६ तासांचा वेगळा ब्लॉक होता, दहा-अकरा नंबरचे फलाट २४ डब्यांच्या गाड्यांसाठी लांबवायला.

ठाण्याला पाच नंबरचा फलाट रुंद करायचा होता. आता फलाट रुंद करायचा म्हणजे बाजूचा रूळ आधी सरकवायला हवा. रूळ सरकवला की वरची वायरही त्याच्याबरोबर सरकवायची, कारण पेंटाग्राफ, म्हणजे गाडीच्या टपावरून वायरला टेकणारा सांगाडा, रुळाबरोबर जातो. मग रिकाम्या झालेल्या जागेत तयार काँक्रीटच्या पेट्या बसवायच्या. यातलं अर्धं काम करून ‘उरलेलं पुढच्या रविवारी’ म्हणता येत नाही. रूळ एकतर जुन्या जागी असतो, नाहीतर नव्या. मी बाहेरच्या पुलावरून बघत उभा होतो. दोन वेळा पोलिसाने हटकलं. तिसऱ्या वेळी त्याला पेट्या कशा बसवतात ते समजावून सांगितलं, मग तोही बघत राहिला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मस्जिदजवळचा १८६८ सालचा कर्नाक पूल उतरवायला २७ तास घेतले, तेही त्याच जातीचं काम. डोक्यावर अर्धा तोडलेला पूल ठेवून खालून लोकल कशी सोडणार? पण तीन दिवस घरात बसायला सांगताना ज्याचा पगार रोजंदारीवर आहे त्याचं काय, याचं उत्तर इंजिनियरकडे नसतं. ते माझ्याकडेही नाही.

काका, मी सहावीत आहे. बदलापूरहून आजीकडे जाताना मला रुळाजवळ पिवळ्या त्रिकोणावर ३० लिहिलेलं दिसलं. नंतर पिवळ्या गोल पाटीवर टी/पी होतं. बाबा म्हणाले माहीत नाही. आणि ब्लॉक रविवारी संपला तर आमची गाडी सोमवारी हळू का?

तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आहे, शाबास.

खडी उपसून नव्याने भरली की ती पोकळ असते. नवीन गादीवर बसलं की कशी खाली जाते, तशी. मशीनने ठोकली तरी गाड्यांच्या वजनानेच ती खरी बसते. तोवर जोरात गाडी नेली तर रूळ वाकडातिकडा होईल. म्हणून मोटरमनला लेखी सांगतात, इथे हळू. त्याला आम्ही कॉशन म्हणतो. त्रिकोणातला ३० म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या वर जायचं नाही. खडी बसत जाईल तसा आकडा वाढवतात.

टी/पी म्हणजे प्रवासी गाडीची हळू चाल इथे संपली. आता गंमत बघ : ती पाटी हळू जायच्या जागेला लागून नसते, चांगली पुढे असते, गाडीच्या लांबीएवढी. कारण मोटरमन पहिल्या डब्यात बसतो. त्याने लगेच वेग घेतला तर शेवटचा डबा अजून पोकळ खडीवरच असेल ना? आणखी पुढे टी/जी अशी पाटी दिसेल. ती मालगाडीसाठी, ती लांब असते म्हणून.

पुढच्या वेळी आजीकडे जाताना खिडकीशी बस. त्रिकोण कुठे दिसला आणि टी/पी कुठे, त्यांच्या मधले विजेचे खांब मोज आणि मला कळव. बाबांनाही मोजायला लाव. तुमचा आकडा सारखा आला तर पुढच्या अंकात छापतो.