मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळा, दवाखाना, पोलीस यांची एकत्र बैठक होते. तिचं इतिवृत्त नीट कसं लिहावं?

तुम्ही म्हणता की या कामात नवीन आहात, बैठकीला वेगवेगळ्या खात्यांची माणसं असतात, तुम्ही सगळं उतरवून घेता आणि तरीही वरिष्ठ म्हणतात, "यातून काही कळत नाही." अशी इतिवृत्तं लिहिणं आणि तपासणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सगळं उतरवून घेणं थांबवा. कोणानंतर कोण काय बोललं, हे पुढे कोणी वाचत नाही. उद्या तुम्ही रजेवर असताना त्या घरातून रात्री फोन आला, तर फाइल उघडणाऱ्या सहकाऱ्याला पाच मिनिटांत समजलं पाहिजे: मुलाबद्दल काय माहीत आहे, ते कोणाला कसं कळलं, काय ठरलं, का ठरलं आणि कोणी कधीपर्यंत काय करायचं आहे.

यातलं "कसं कळलं" सर्वांत ढिसाळपणे लिहिलं जातं. "मुलाकडे दुर्लक्ष होत असल्याचे सांगण्यात आले" हे वाक्य बघा. कोणी सांगितलं? स्वतः पाहून की कोणाकडून ऐकून? कधीची गोष्ट? त्याऐवजी असं लिहा: "वर्गशिक्षिका: मंगळवार ते गुरुवार तिन्ही दिवस मुलगा काही न खाता शाळेत आला. गुरुवारी मी विचारलं, 'सकाळी काय खाल्लंस?' तो म्हणाला, 'आई उठतच नाही.' आई रात्री घरी नसते असं शेजारीण म्हणते, मी स्वतः पाहिलेलं नाही." तेवढ्याच जागेत तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या राहिल्या: डोळ्यांनी पाहिलेलं, मुलाचे स्वतःचे शब्द आणि ऐकीव माहिती. मुलाचे शब्द अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे घ्या, आणि त्याला काय विचारलं होतं तेही लिहा. "आई मारते का?" या प्रश्नाला आलेलं "हो" आणि आपणहून सांगितलेली गोष्ट यांचं वजन सारखं नसतं, प्रकरण न्यायालयात गेलं तर हा फरक पहिल्यांदा तपासला जातो.

नोंदी टापटीप दिसाव्यात म्हणून मी हे सांगत नाही. व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये छळामुळे दगावली. त्याआधी समाजसेवा विभाग, पोलिसांची बालसंरक्षण पथकं आणि दोन रुग्णालयं या सगळ्यांशी तिचा संबंध आलेला होता. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला, त्यात १०८ शिफारशी आहेत. त्यातला एक प्रसंग या कामातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. एका रुग्णालयात तिच्या अंगावरच्या खुणा पाहून एका डॉक्टरांना मारहाणीची शंका आली, नंतर वरिष्ठ डॉक्टरांनी खरुजेचं निदान केलं, आणि बाहेर निरोप गेला तो हा, की आता हा बालसंरक्षणाचा प्रश्न उरलेला नाही. पहिल्या डॉक्टरांची शंका मागे पडली आणि निष्कर्ष तेवढा पुढे पोचला.

म्हणून मतभेद हा इतिवृत्तातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि नेमका तोच गाळला जातो. अध्यक्षांना एकमत दाखवायचं असतं, लिहिणाऱ्याला वाद नको असतो. तुम्ही मात्र लिहा: "मुलाला घरीच ठेवावं असं ठरलं. कारण: आजी आजपासून सोबत राहणार आहे. आरोग्य परिचारिका सहमत नाहीत. त्यांच्या मते आजी स्वतः आजारी आहे." दोन आठवड्यांनी आजी रुग्णालयात गेली तर या एका ओळीमुळे पुढचा माणूस लगेच हालचाल करेल. कारण लिहिलेलं असलं की ते कारण संपल्याचंही लक्षात येतं. नुसता निर्णय लिहिला तर तो परिस्थिती बदलल्यावरही तसाच चालू राहतो.

कामांच्या बाबतीत हट्टी व्हा. "शाळेने लक्ष ठेवावे" हे काम नाही. प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव, तारीख, आणि झालं नाही तर कोणाला कळवायचं ते हवं. दोन खात्यांची नावं एकत्र लिहिली की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात. लोक उठायच्या आत ही कामं मोठ्याने वाचून दाखवा. अर्धे गैरसमज तिथेच मिटतात. पुढची बैठक याच यादीपासून सुरू करायला सांगा.

हजेरीत कोण आलं नाही हेही लिहा, आणि त्यांच्याकडून लेखी माहिती आली का तेही. पोलीस आले नसतील तर "घरगुती हिंसाचाराची नोंद आढळली नाही" असं लिहिता येत नाही, कारण विचारायला कोणी नव्हतंच.

भाषेबद्दल मला फार वाटतं. "आई सहकार्य करत नाही", "बाप तापट आहे" असे शिक्के एकदा फाइलमध्ये बसले की एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत नकलून जातात आणि पाच वर्षांनी कोणी विचारत नाही की हे आलं कुठून. काय घडलं ते लिहा: "ठरलेल्या तीन भेटींपैकी दोन वेळा दार उघडलं नाही, तिसऱ्या वेळी आई अर्धा तास बोलली." हे आईवडील वाचतात. पुढे ते मूलही वाचतं. इंग्लंडमध्ये सरकारी देखभालीत वाढलेल्या मुलाची फाइल त्याच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसापर्यंत जपावी लागते, आणि मोठी झालेली माणसं ती मागून घेतात. आपल्याला घरातून का नेलं, याचं उत्तर अनेकांना फक्त तिथेच मिळतं. तेव्हा त्या मुलाचं नाव लिहा, "सदर बालक" नको. त्याला काय हवं होतं आणि ते त्याला कोणी विचारलं, याला स्वतंत्र जागा द्या. वेगवेगळ्या खात्यांची आद्याक्षरंही उलगडून लिहा. पोलिसांचं संक्षिप्त रूप शिक्षकांना कळत नाही.

प्रत कोणाला जाणार ते बैठकीतच ठरवून घ्या. तक्रार करणाऱ्याची ओळख, मारहाणीतून सुटून गेलेल्या आईचा नवा पत्ता, दुसऱ्या मुलांची माहिती हे वेगळ्या, मर्यादित भागात ठेवा. एकाच प्रतीत सगळं घालून सगळ्यांना पाठवल्यामुळे खरोखर जिवावर बेतू शकतं. मोबाइलवरच्या गटात तर यातलं काहीच टाकू नका.

ठरलेली कामं त्याच दिवशी पाठवा, पूर्ण इतिवृत्त मागाहून गेलं तरी चालेल. कोणी दुरुस्ती सुचवली तर जुना मजकूर खोडू नका. दुरुस्ती, सुचवणाऱ्याचं नाव आणि तारीख खाली जोडा. आवाजावरून आपोआप मजकूर तयार करणारी साधनं वापरत असाल तर परवानगी घ्या आणि प्रत्येक नाव, तारीख, "नाही" हा शब्द स्वतः तपासा.

शेवटचं म्हणजे, बैठक चालवणारा आणि लिहिणारा एकच माणूस नको. तुमच्याकडे दोन्ही कामं आली असतील तर वरिष्ठांकडे लिहायला दुसरा माणूस मागा, आणि बैठकीनंतरचा तास दुसऱ्या भेटींसाठी न देता लिहिण्यासाठी राखून घ्या.