वाचकांचे प्रश्न : रोजच्या गाडीला हलका टर्बो

प्रश्न : माझ्याकडे २००८ ची १.३ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे. चार सिलिंडर, पुस्तिकेप्रमाणे कम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण) ९:१ आणि ताकद सुमारे ८५ हॉर्सपॉवर. रोज चाळीसगाव-पाचोरा असे जाणे-येणे असते आणि महिन्यातून दोनदा कन्नड घाट चढून संभाजीनगरला जावे लागते. चार माणसे बसली आणि एसी लावला की घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडते. इंजिन न उघडता कमी दाबाचा टर्बो (धुराच्या जोराने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवण्याचा विचार आहे. एका डिझेल गाडीचा टर्बो जुन्या बाजारात पाहून ठेवला आहे. गॅरेजवाले म्हणतात की टर्बो आणि पाइप लावले की काम झाले. दाब किती ठेवावा? इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) खरोखर लागतो का? — एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ९:१ कम्प्रेशनच्या निरोगी इंजिनाला ०.३५ बार, म्हणजे टायरच्या भाषेत पाच पौंड, एवढा जादा दाब सोसतो. रोजच्या गाडीत त्यापुढे जाऊ नये. मात्र ‘टर्बो आणि पाइप लावले की झाले’ हे म्हणणे पूर्ण चुकीचे आहे, कारण अशा कामात टर्बो हा सर्वांत सोपा भाग असतो. खरी अडचण उष्णतेची आणि पेट्रोलच्या मापाची असते.

इंटरकूलरचा निर्णय आपण मे महिन्यातील दुपार डोळ्यांसमोर ठेवून घ्यावा. बाहेर ४५ अंश तापमान असताना ०.३५ बार दाबाने दाबलेली हवा साधारण टर्बोमधून बाहेर पडते तेव्हा ८५ ते ९० अंशांवर गेलेली असते. दाब ३५ टक्क्यांनी वाढला तरी तापल्यामुळे हवा विरळ होते आणि सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात जेमतेम १९-२० टक्के जास्त हवा जाते. शिवाय तापलेल्या हवेने नॉकिंगचा (मिश्रण अवेळी पेटून इंजिन ठोकण्याचा) धोका वाढतो तो वेगळाच. बऱ्यापैकी इंटरकूलर हीच हवा ६० अंशांच्या आसपास आणतो आणि मग तेवढ्याच दाबात ३० टक्क्यांच्या जवळपास जास्त हवा मिळते. थंड प्रदेशातील लोक एवढ्या कमी दाबाला इंटरकूलर टाळतात. खानदेशात तो टाळू नये.

इंटरकूलर बसतो तो एसीच्या कंडेन्सरपुढे, आणि इथे आपल्याकडची एक खास अडचण येते. कापूस जिनिंगला जाऊ लागला की ट्रॉल्यांमधून उडालेली रुई रस्ताभर पसरते, आणि त्या दिवसांत एखाद्या गाडीचा कंडेन्सर सोडवला तर त्याच्या पंखांवर धूळ-रुईची गोधडी बसलेली दिसते. त्यापुढे आणखी एक जाळी उभी केली की रेडिएटरपर्यंत हवा पोचणे अधिकच अवघड होते, म्हणून टर्बोच्या आधी रेडिएटर आतून-बाहेरून साफ करावा, पंखा पूर्ण वेगाने फिरतो का ते पाहावे आणि दिवाळीनंतर दर महिन्याला जाळ्या धुण्याची सवय लावून घ्यावी.

आता पेट्रोल. आपल्या गाडीचा मूळ प्रेशर सेन्सर वातावरणाच्या दाबापलीकडे फारसे काही पाहू शकत नाही. त्यामुळे टर्बो दाब देत असतानाही ईसीयू (इंजिनाचा संगणक) साध्या इंजिनाच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते) आणि पिस्टन जळतो. त्यासाठी २ बारपर्यंत मोजणारा सेन्सर आणि पेट्रोल व इग्निशन (ठिणगीची वेळ) दोन्ही बदलता येतील असा पिगीबॅक (मूळ ईसीयूला जोडला जाणारा) किंवा स्वतंत्र ईसीयू हवाच. ११० हॉर्सपॉवर गृहीत धरली, तर इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा न ठेवता प्रत्येकातून मिनिटाला सुमारे २२० घनसेंटिमीटर पेट्रोल यायला हवे. पंपावर मिळणाऱ्या ई-२० मध्ये इथेनॉल असल्याने त्याच कामाला ७-८ टक्के जास्त इंधन लागते, म्हणून २४० चे माप धरावे. याच कारणाने ट्यूनिंग करणाऱ्याशी हवा-पेट्रोलच्या १४.७ या जुन्या गुणोत्तरात न बोलता लॅम्डात (पूर्ण ज्वलनाला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत प्रत्यक्ष हवा किती ते प्रमाण) बोलावे. पूर्ण दाबावर ०.८० ते ०.८५ असावा, आणि तो वाइडबँड (धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या) सेन्सरने मोजलेला असावा. इग्निशन दर पौंडामागे सुमारे एक अंश मागे घेऊन सुरुवात करावी. प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) घ्यावेत आणि गॅप ०.७ मिलिमीटर ठेवावा.

डिझेलचा तो टर्बो मी घेणार नाही. पूर्ण भारावर पेट्रोल इंजिनाचा धूर ९०० अंशांच्या वर जातो, तर डिझेलचा त्याहून बराच थंड असतो. डिझेलसाठी केलेले टर्बाइनचे घर, आणि त्याहून जास्त आतली हलती पाती, लांब घाटात ही उष्णता सोसत नाहीत. लहान पेट्रोल इंजिनाचा, आत वेस्टगेट (जादा धूर वळवून दाब आवरणारी झडप) असलेला टर्बो शोधावा. वेस्टगेटच्या स्प्रिंगपेक्षा कमी दाब कोणत्याही युक्तीने मिळत नाही, तेव्हा स्प्रिंगच ०.३५ ची असावी. जुना घेताना शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा : आडवा किंचित खेळ चालतो, पुढे-मागे खेळ जाणवला तर परत द्यावा.

तेलाच्या परतीच्या नळीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. एका गाडीत ही नळी चेसिसला वळसा घालून पुन्हा वर चढवलेली मी पाहिली आहे. मालकाने निळा धूर बंद व्हावा म्हणून दोन टर्बो बदलले होते, आणि दोष त्या वळणात होता. टर्बोतून तेल केवळ स्वतःच्या वजनाने खाली येते, म्हणून नळी आतून किमान १६ मिलिमीटरची, सतत उताराची आणि सम्पमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. वेल्डिंग सम्प काढूनच करावे.

या सर्वांच्या आधी कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो याची चाचणी) करून घ्यावी. चार सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक आला, तर टर्बोचे पैसे पिस्टनच्या रिंगांवर खर्च करावेत.

कायद्याची बाजूही नाजूक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ गाडी उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर दावा नाकारण्याचे कारण ठरतो. तेव्हा परिवहन कार्यालयाकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत सामान घेऊ नये. ते नकारार्थी आले, तर क्लच, इंजेक्टर आणि एसीचा कम्प्रेसर तपासून घ्यावा. २००८ च्या गाडीची घाटातली रखड यांपैकीच कशात तरी असण्याचा संभव मला जास्त वाटतो.

प्रश्न : माझ्या गाडीला कंपनीचाच टर्बो आहे. तोरणमाळचा घाट चढून गेल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, असे घरातील वडीलधारे सांगतात. हे खरे आहे का? — एक वाचक, शहादा

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे. चढ संपताक्षणी इंजिन बंद केले तर तेलाचा प्रवाह थांबतो आणि तापलेल्या बेअरिंगजवळचे तेल जळून त्याचा कोळसा होतो. रावेर-सावद्याकडून केळी नेणारे जुने ड्रायव्हर ढाब्यावर थांबल्यावर इंजिन चालू ठेवूनच खाली उतरत, तोंड धूत आणि मग चावी फिरवत. त्यामागे हेच कारण होते. आजच्या बहुतेक पेट्रोल टर्बोंना पाण्याचेही थंडावण असते, त्यामुळे गावात शिरतानाचा शेवटचा किलोमीटर हलक्या पायाने चालवला तरी पुरते. चढावरून थेट वाहनतळावर आलात, तर मिनिटभर इंजिन चालू ठेवावे.