जुनी पेट्रोल गाडी पीयूसीत नापास झाली, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावाच लागेल का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: गाडी २००८ची, पेट्रोल, भुसावळात रोजचा वापर. पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.८ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) ३१० पीपीएम आला, म्हणून नापास. मेकॅनिक म्हणतो कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा डबा) गेला, नवा टाका, नाहीतर गाडी भंगारात द्या. चालायला काही त्रास नाही, फक्त अ‍ॅव्हरेज पडलंय.

भाऊ, कन्व्हर्टरला आत्ता हात लावू नका. धुळ्याला देवपुरात माझं गॅरेज आहे आणि नापास झालेल्या गाड्या हेच गेली बरीच वर्षं माझं मुख्य काम आहे. तुमच्या पावतीवरचे दोन आकडेच बरंच काही सांगतात.

२००८ची गाडी म्हणजे भारत स्टेज २ किंवा ३ (सरकारची प्रदूषणाची मानकं). दोन्हींना मर्यादा एकच, आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम. तुमचा एचसी मर्यादेच्या बराच खाली आहे. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल. प्लग मिस मारत असते किंवा कॉइल कमजोर असती, तर हा आकडा आधी उसळला असता. सीओ मात्र साडेतीन पट आहे. सीओ होतो तो अर्धवट जळण्यातून, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते, तुमच्या इंजिनाला तेवढी मिळत नाहीये. गाडीचं मिक्स्चर रिच आहे. अ‍ॅव्हरेज त्याचमुळे पडलंय.

आता कन्व्हर्टरचं. सीओचा कार्बन डायऑक्साइड करायला त्याला ऑक्सिजन लागतो. रिच गाडीच्या धुरात तो जवळजवळ उरतच नाही. म्हणजे आज नवा कोरा कन्व्हर्टर बसवला तरी तो काम कशावर करणार? एखाद्या वेळी पहिल्या चाचणीला आकडा थोडा उतरेलही, पण रिच धूर खाऊन खाऊन काही महिन्यांत नवाही बाद होईल आणि कितीतरी हजार रुपये जातील. आधी मिक्स्चर, मग कन्व्हर्टर. हा क्रम कोणी उलटा सांगितला तर गाडी तिथून घेऊन या.

गाडी रिच का झाली, ते शोधायला मी सुरुवात कुठून करतो ते सांगतो, कारण आपल्या खान्देशात हे फार दिसतं. बॉनेट उघडा आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व) जागेवर आहे का ते बघा.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५च्या वर जातो. गाडी उकळते. मग रस्त्यावरचा कोणीतरी थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकतो आणि रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करून देतो, चावी फिरवली की फॅन चालू. उन्हाळा निघून जातो, वॉल्व काढलाय हे मालक विसरतो. पुढे थंडी येते. वॉल्व नसल्यामुळे पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधी पुरतं तापतच नाही. कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, सांगत राहतो की इंजिन अजून गार आहे, आणि ईसीयू गार इंजिनाला देतात तसं जादा पेट्रोल देत राहतो. दिवसभर. त्यातच कन्व्हर्टरला काम सुरू करायला अडीचशे-तीनशे अंश लागतात. आयडलवरच्या अशा गाडीत त्याला तेवढी धग मिळणंही अवघड.

मागच्या डिसेंबरात साक्रीकडचे एक शेतकरी आले होते. दुसरीकडे प्लग, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर सगळं बदलून झालेलं, सीओ तरी १.६. म्हणाले, "भाऊ, गाडी ते भारी चालस, मंग नापास कशी व्हयनी?" मी गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी गार इंजिन चालू केलं आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवून उभा राहिलो. थर्मोस्टॅट ठीक असेल तर तो होज पाच-सात मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम चटका बसतो, कारण वॉल्व साधारण ८२ अंशांना उघडतो. इथं तो पहिल्या दोन मिनिटांतच कोमट झाला आणि कोमटच राहिला. स्कॅनर लावला, अर्ध्या तासानं कूलंट ५४ अंश. हाउसिंगचे दोन बोल्ट काढले, आत वॉल्वच नव्हता. लळिंगच्या घाटात गाडी उकळली तेव्हा कोणीतरी काढला होता. वॉल्व बसवला, फॅनची वायर मूळ जागी आणली, आणि संध्याकाळी सीओ ०.२.

ही होजची तपासणी तुम्ही उद्या सकाळी घरीच करू शकता. गाडी चालू असताना फॅन आणि बेल्टपासून हात आणि उपरण्याचं टोक लांब ठेवा, आणि गरम रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका.

वॉल्व परत बसवाल तेव्हा रेडिएटरही साफ करून घ्या, हे मी प्रत्येकाला बजावतो. गाडी मुळात उकळली होती ती वॉल्वमुळे नाही. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतून रेडिएटरच्या नळ्या क्षारानं चोंदलेल्या असतात. ते तसंच ठेवून वॉल्व बसवला तर येत्या मे महिन्यात गाडी पुन्हा उकळेल, आणि पुन्हा कोणीतरी तो काढून फेकेल. आणि यापुढे कूलंटच टाका.

वॉल्व जागेवर निघाला तर एअर फिल्टर बघा. जिनिंगच्या हंगामात कापसाचा फाया आणि काळ्या मातीची धूळ यांची त्यावर गादी बसते. मग कूलंटचा सेन्सर मीटरवर तपासा. बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दिसतो. गरम इंजिनावर हजारात आकडा आला तर सेन्सर खोटं सांगतोय. त्यानंतर पुढचा ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा): स्कॅनरच्या लाईव्ह डेटात त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या मध्ये भराभर वरखाली झाला पाहिजे. एकाच जागी चिकटला असेल तर तो बदलण्याला अर्थ आहे. ऑइलची डिपस्टिक हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला तर ऑइलही बदला, कारण त्यातून उडणारं पेट्रोल पुन्हा इंजिनातच खेचलं जातं आणि दुरुस्तीनंतरही सीओ वर राहतो.

हे सगळं नीट झाल्यावरही सीओ ०.५च्या वर राहिला, तरच कन्व्हर्टर.

पुन्हा चाचणीला जाताना गाडी तापवून न्या. महामार्गानं नशिराबादपर्यंत जाऊन या आणि थेट पीयूसी केंद्रात शिरा. रांग असली तरी इंजिन बंद करू नका, एसी बंद ठेवा. सायलेन्सरला भोक असेल तर आधी झाळून घ्या, बाहेरची हवा आत ओढली जाऊन आकडे चुकतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की पैसे देऊन पावती मिळतेय, घेऊ का. घेऊ नका. पीयूसी नसली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे हे खरं, पण माझी काळजी वेगळी आहे. सीओला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. दुपारच्या उन्हात एसी लावून पोरं मागच्या सीटवर झोपलेली, गाडी उभी, आणि खाली सायलेन्सर गळका, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. कागदावर पास झालेली गाडी तो वायू सोडायची थांबत नाही. दुरुस्ती होईपर्यंत उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून कोणालाही बसवू नका, आणि बंद शेडमध्ये गाडी चालू करू नका.

होजवर हात ठेवून काय जाणवलं ते इथेच लिहा, कोमट की चटका. त्यावरून पुढचं सांगतो.