इंग्रजीत ‘भातखंडे’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : माझी नात परदेशात हिंदुस्थानी संगीत शिकते. तिच्या इंग्रजी पुस्तकांत ‘भातखंडे’ हे कधी व्यक्तीचे नाव म्हणून येते, तर कधी ‘भातखंडे नोटेशन’, ‘भातखंडे थाट’, ‘भातखंडे कॉम्पोझिशन’ असे विशेषणासारखे येते. त्यातच ‘पंडित’ ही उपाधी सर्रास गाळलेली असते. प्रत्येक ठिकाणी काय अर्थ घ्यावा? आणि असे नुसते आडनाव लिहिणे अवमानकारक नाही का?

उत्तर : उपाधीचा प्रश्न आधी घेऊ. इंग्रजी शास्त्रीय लेखनात ग्रंथकाराचा उल्लेख नुसत्या आडनावाने आणि एकवचनी क्रियापदाने करण्याचा शिरस्ता आहे. तो मोझार्टपासून सर्वांना सारखाच लागू असल्यामुळे त्यात अनादर मुळीच नाही. मात्र तेच वाक्य मराठीत आणताना ‘भातखंडे म्हणतो’ असे कोणी लिहिले, तर ते चूकच म्हटले पाहिजे, कारण मराठीत आदर क्रियापदातूनच व्यक्त होतो.

आता अर्थाकडे वळू. पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) हे वकिलीचे शिक्षण घेतलेले मुंबईकर, संगीताचे शास्त्रकार आणि बंदिशींचे रचनाकारही होते. इंग्रजीत त्यांचे आडनाव कोणताही प्रत्यय न लागता दुसऱ्या नामाला जोडले जाते, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. ‘भातखंड्यांनी रचलेले’, ‘भातखंड्यांनी संकलित केलेले’ आणि ‘भातखंड्यांनी पद्धतशीर लावलेले’ हे तीन वेगवेगळे संबंध त्या एकाच जोडणीत झाकले जातात. म्हणून पुढचे नाम पाहूनच अर्थ ठरवावा लागतो.

‘भातखंडे नोटेशन’ म्हणजे त्यांनी रूढ केलेली स्वरलिपी. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर (‘म’ वर) उभी रेघ, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या स्वरावर टिंब, आणि एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस, अशी तिची चिन्हे आहेत. येथे आडनाव केवळ गौरवासाठी जोडलेले नसते, तर लिपी ओळखण्यासाठी ते आवश्यकच असते. त्यांचे समकालीन गायक विष्णु दिगंबर पलुसकर यांच्या वेगळ्या लिपीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब मंद्र सप्तक दाखवते आणि डोक्यावरची उभी रेघ तार सप्तक दाखवते. म्हणजे ‘म’ वरची उभी रेघ एका लिपीत तीव्र मध्यम, तर दुसरीत तार सप्तकातला मध्यम! लिपीचे नाव न पाहता गायला बसलेला विद्यार्थी रागच बिघडवील.

थाट म्हणजे रागांचे गट पाडण्यासाठी घेतलेला सात स्वरांचा साचा. ‘भातखंडे थाट’ म्हणजे बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी या दहा थाटांची त्यांनी लावलेली व्यवस्था. यातले राग त्यांनी निर्माण केले, असा अर्थ कोणी घेऊ नये. राग आधीपासूनच गायले जात होते. दक्षिणेतील संगीतशास्त्रकार व्यंकटमखींच्या 72 मेलांच्या (थाटांसारख्याच स्वरसाच्यांच्या) मांडणीचा अभ्यास करून त्यांनी उत्तरेतील प्रचलित राग दहा गटांत बसवले. ही व्यवस्था सगळीकडे चपखल बसत नाही. कोमल ऋषभाची (‘रे’ची) आसावरी गाणाऱ्यांना शुद्ध ऋषभाचा आसावरी थाट आजही खटकतो, आणि दोन्ही मध्यमांच्या ललित रागाला कोणत्या थाटात घालावे याचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणूनच इंग्रजीत या नामाआधी आडनाव लिहिणे मला योग्य वाटते: ही एका विद्वानाची मांडणी आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

सर्वांत दिशाभूल करणारा प्रयोग ‘भातखंडे कॉम्पोझिशन’ हा होय. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति – क्रमिक पुस्तक मालिका’ या सहा भागांत शेकडो बंदिशी आहेत. पण त्यांतील पुष्कळशा त्यांनी ठिकठिकाणच्या घराणेदार उस्तादांकडून मोठ्या चिकाटीने मिळवलेल्या पारंपरिक चिजा आहेत. त्यांच्या स्वतःच्या रचना, विशेषतः रागाचे वादी-संवादी (मुख्य स्वर व त्याच्या खालोखालचा स्वर) आणि आरोह-अवरोह शब्दांतूनच सांगणारी लक्षणगीते, ‘चतुर’ या मुद्रेवरून, म्हणजे गीताच्या शब्दांत गुंफलेल्या रचनाकाराच्या टोपणनावावरून, ओळखता येतात. जुने ख्यालरचनाकार सदारंग यांची मुद्रा असलेला ख्याल केवळ या मालिकेत छापलेला आहे म्हणून ‘भातखंडे कॉम्पोझिशन’ ठरवणे, हा सदारंगांवर आणि ज्या घराण्यांनी ती चीज जपली त्यांच्यावरही अन्याय आहे. मूळ रचनाकार कोण हे न सांगता संग्राहकाचे नाव लावण्याची ही सवय वेळीच मोडली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

ग्रंथसूची पाहतानाही नातीने सावध राहावे. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुर पंडित’ या नावाने आणि गुरुशिष्य-संवादाच्या रूपातला मराठी ग्रंथ ‘विष्णुशर्मा’ या नावाने लिहिला. इंग्रजी सूचीत मात्र ते बहुधा आडनावाखालीच नोंदलेले सापडतात. 1916 च्या बडोदे संगीत परिषदेतील त्यांचे प्रसिद्ध व्याख्यान मुळातच इंग्रजीत होते, तेव्हा ते त्याच भाषेत वाचता येईल.

लखनऊच्या संदर्भात ‘ॲट भातखंडे’ असे लिहिलेले आढळले, तर तिथे व्यक्ती नसून संस्था समजावी. 1926 साली मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झालेले संगीत विद्यालय पुढे भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि आता ते विद्यापीठ आहे.

उच्चाराविषयी एवढेच, की रोमन लिपीत पहिला ‘ए’ (a) ऱ्हस्व की दीर्घ हे कळत नाही आणि शेवटचा ‘ई’ (e) इंग्रजी वाचकाला मूक वाटतो, त्यामुळे ‘भटखंड’ असे ऐकू येते. नातीने प्रबंध लिहिताना पहिल्या उल्लेखात पहिल्या ‘ए’ वर दीर्घत्वाची आडवी रेघ द्यावी, ‘एन’ आणि ‘डी’ खाली टिंब द्यावे आणि पुढे साधे स्पेलिंग वापरावे. आणि बंदिशीचा उल्लेख करताना मुद्रेवरून रचनाकाराचे नाव द्यावे, मुद्रा नसल्यास ‘पारंपरिक’ असे लिहावे आणि मग मालिकेचा भाग व पृष्ठ सांगावे.