एसएमबी वन बंद केलं आणि ऑफिसचे कॉम्प्युटर दिसंनात

प्रश्न : आमचं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं युनिट आहे. डिझाइनच्या फाइली, बिलं सगळं एकाच कॉम्प्युटरवर शेअर करून ठेवलंय. कॉम्प्युटरवाल्याने एसएमबी वन (विंडोजची फाइल शेअर करायची जुनी पद्धत) बंद केलं, तेव्हापासून 'नेटवर्क' उघडलं की कुणीच दिसंना. ओळखीचा एकजण म्हणतो ते परत चालू करा. करू का?

उत्तर : नका करू दादा, कळकळीने सांगतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, पसरला ते याच एसएमबी वनमधल्या भोकातून, आणि मायक्रोसॉफ्टने ते भोक बुजवणारा पॅच (अपडेट) मार्चमध्येच दिला होता तरी जगभर लाखो मशीन अडकली. तुमची वर्षानुवर्षांची डिझाइनं त्या मशीनवर आहेत, ती एकदा लॉक झाली तर परत मिळतील याची खात्री नाही.

तुमचं शेअरिंग बहुतेक चालूच असणार, फक्त यादी गेलीय. ती यादी कॉम्प्युटर ब्राउझर नावाची जुनी सर्व्हिस बनवायची, नेटवर्कमधलं एक मशीन सगळ्यांची नावं गोळा करून ठेवायचं आणि बाकीचे त्याला विचारायचे, आणि हे सगळं एसएमबी वनवर चालायचं म्हणून ते काढलं की हीपण गेली. आधी एवढंच बघा, विंडोज की आणि आर दाबून \\ टाका, पुढे त्या कॉम्प्युटरचं नाव नाहीतर आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता) लिहून एंटर मारा. फोल्डर उघडलं तर मॅप नेटवर्क ड्राइव्ह करून टाका, म्हणजे ते स्वतःच्या ड्राइव्हसारखं कायम दिसेल, रोजच्या कामाला यादी लागतच नाही.

तरी यादी हवीच असेल तर प्रत्येक मशीनवर नेटवर्क 'प्रायव्हेट' करा, नेटवर्क डिस्कव्हरी ऑन करा, मग सर्व्हिसेसमध्ये जाऊन फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट आणि फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन या दोन्ही सुरू करून 'ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट'वर ठेवा. दुसरी जास्त महत्त्वाची, तीच आपलं मशीन बाकीच्यांना जाहीर करते, त्यामुळे जे मशीन दिसायला पाहिजे त्याच्यावर ती बंद असेल तर बाकी कुठेही कितीही खटपट केली तरी ते दिसणार नाही. अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तिथे यूडीपी 3702 पोर्ट (मशीन एकमेकांना शोधतात ती वाट) अडवलाय का तेही बघून घ्या.

नाव टाकूनही उघडत नसेल आणि शेअर बिनपासवर्डचं असेल तर त्याला युजर-पासवर्ड द्या, नव्या विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्यांना गेस्ट, म्हणजे बिनपासवर्डचा पाहुणा, चालत नाही. जुनं झेरॉक्स-स्कॅनर मशीन फोल्डरमध्ये स्कॅन टाकत असेल आणि त्याला फक्त एसएमबी वनच येत असेल तर ते अडेल, त्याचं फर्मवेअर (मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट मिळतं का विचारा, नाही मिळालं तर स्कॅन ईमेलवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या, पण त्या एका मशीनसाठी एसएमबी वन उघडू नका.