जेलवर एरंडाचं पान बांधावं का?

प्रश्न : आमचे सासरे, आप्पा, सत्तरीपुढचे. सगळी हयात केळीच्या बागेत गेली. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचं जेल दिलंय. ‘हे वरच्यावरच सुकतं, आत काही जात नाही,’ म्हणून आप्पा त्यावर एरंडाचं पान बांधतात आणि तव्यावर तापवलेल्या फडक्याने शेकतात. आता गुडघा लाल होऊन फोड आलेत. जेल बदलावं का? ट्यूबवर जवसाचं तेलही लिहिलंय, ते कशाला?
— एक वाचक, ता. यावल

उत्तर : ताई, आधी जेल, पान, शेक सगळं बंद. फोड फोडू नका, डॉक्टरांना दाखवा. कातडी पूर्ण भरून येईपर्यंत तिथे काही लावायचं नाही.

आप्पांची शंका मात्र रास्त आहे. धुळ्याला फार्मसीच्या पोरांना मी हेच शिकवत असे, की कातडी औषध आत घ्यायला नाही, बाहेरचं बाहेर ठेवायला आहे. तिचा सगळ्यात वरचा थर कागदाहूनही पातळ. त्यात मेलेल्या पेशी आणि त्यांच्यामध्ये गच्च बसलेली चरबी. खरी अडवणूक ही चरबी करते. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) जड रेणू तिथून सहसा जात नाही. डायक्लोफिनॅक सुमारे २९६, म्हणून त्याला निदान आशा असते. इन्सुलिन ५८०० च्या घरात, म्हणून त्याचं मलम निघालं नाही, सहसा सुईच टोचावी लागते.

जवसाचं तेल या चरबीसाठी आहे. त्यातली मेदाम्लं तिची घट्ट रचना सैल करतात. मेंथॉलही तेच करतं. गारवा वाटतो तो वेगळा, त्याने गुडघा बरा होत नाही. अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल हेही वाट करून देणारेच. यांना पेनिट्रेशन एन्हान्सर म्हणतात. डीएमएसओ नावाचा एक द्रव तर इतका आत शिरतो, की हाताला लागला तरी थोड्या वेळात तोंडाला लसणासारखी चव येते!

सगळ्यात स्वस्त एन्हान्सर म्हणजे पाणी. पान बांधलं की घाम आतच कोंडतो, कातडी फुगते, मऊ पडते. वरून शेक दिला की रक्तपुरवठा वाढतो. म्हणजे कंपनीने मोजूनमापून जे केलं, त्यावर आप्पांनी बेहिशेबी भर घातली. औषध जास्त गेलं आणि त्याबरोबर अशा जेलमध्ये बहुधा असणारी मेंथॉल, मिथाइल सॅलिसिलेटही, दोन्ही झोंबणारी. अशा वेदनाशामक मलमांनी भाजल्यासारख्या जखमा होतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१२ सालीच दिला होता.

पुढे डॉक्टरांनी परत परवानगी दिली, तर सांगितलं तेवढंच जेल हलक्या हाताने लावून गुडघा उघडा ठेवा. शेक हवाच असेल तर वेगळ्या वेळी, जेल धुऊन. आप्पा रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी घेत असतील, तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. मिथाइल सॅलिसिलेट कातडीतून जाऊन तिचा परिणाम वाढवू शकतं.

विचारलं नाहीत, तरी केळीचा विषय निघाला म्हणून लिहितो. बऱ्याच फवारणीच्या औषधांत विष विरघळवायला द्रावक असतात, पाण्यात मिसळायला साबणासारखी द्रव्यं असतात. कातडीवर तीही वाट मोकळी करतात, आणि आपल्याकडच्या उन्हात अंग घामाने आधीच भिजलेलं असतं. पंप गळून सदरा ओला झाला, तर ओळ संपेपर्यंत थांबू नका. सदरा तिथेच उतरवायचा आणि साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवायचं.