पो लेउंग कुक : आश्रम की कोंडवाडा?

तुमचा प्रश्न असा : ‘ब्रिटिश काळात हाँगकाँगला चिनी बायका-मुलींसाठी पो लेउंग कुक नावाचा आश्रम होता असं वाचलं. तो खरंच दानधर्म होता, की मुलींना डांबून ठेवायची जागा? आज तिथे काय आहे?’

मी नोकरीच्या निमित्ताने सात वर्षं हाँगकाँगला होतो. तिथे शनिवारी सकाळी मेट्रोच्या तोंडाशी शाळेची पोरं कापडी पिशव्या घेऊन उभी असतात. पिशवीत नाणं टाकलं की शर्टाला एक इवलासा स्टिकर चिकटवतात. तो दिसला की पुढच्या नाक्यावरची पोरं तुम्हाला सोडून देतात. दर शनिवारी संस्था वेगळी. एकदा घरी येऊन स्टिकर काढताना नाव वाचलं, पो लेउंग कुक. मला वाटलं, एखादी शाळा असेल. तेही अगदी चूक नव्हतं, कारण आज या संस्थेच्या डझनावारी शाळा आहेत, पाळणाघरं आहेत, वृद्धाश्रम आहेत. टीव्हीवर नट-नट्यांना घेऊन निधी गोळा करण्याचा तिचा मोठा कार्यक्रम दरवर्षी होतो. म्हणजे संस्था जिवंत आहे, आणि चांगली गब्बर आहे.

सुरुवात मात्र पळवून आणलेल्या मुलींपासून झाली. हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं 1840च्या दशकात. बंदराचं गाव, कामाला आलेले सगळे पुरुष, बायका मोजक्या. कुंटणखाने सरकारी परवान्यावर चालत. त्यासाठी 1857 सालीच गुप्तरोगांचा कायदा केलेला होता. (आपल्याकडे असाच कायदा 1868 साली आला. साम्राज्य एकच, शिपायांची काळजीही एकच.) शिवाय सिंगापूरला, सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी जहाजं इथूनच सुटत, तिथेही बायकांना भाव होता. मग आसपासच्या मुलखातून मुली फूस लावून किंवा सरळ उचलून आणणाऱ्या टोळ्या झाल्या. यात ग्वांगतुंग प्रांतातला तुंगकुन जिल्हा, आजचं तुंगक्वान, फार भरडला गेला. तिथले जे व्यापारी हाँगकाँगला स्थायिक होते, त्यांच्याच गावच्या लेकी बाजारात दिसायला लागल्या. त्यांनी 8 नोव्हेंबर 1878 रोजी गव्हर्नर जॉन पोप हेनेसी यांना अर्ज केला : आम्हाला मंडळ काढू द्या. मुली पळवणाऱ्यांना आम्ही शोधू, पकडून देणाऱ्याला बक्षीस देऊ, सुटलेल्या मुली घरी पोचवू. पैसे आमचे.

सरकारला काय, फुकटात काम होत होतं. बहुतेक पोलिसांना कँटनीज येत नव्हती आणि गल्लीबोळांतली माहितीही नव्हती. मंडळाने पगारी शोधकरी ठेवले. सुरुवातीला स्वतःची इमारत नव्हती, म्हणून तुंग वा या चिनी रुग्णालयाच्या आवारात मुलींना ठेवत. 1893 साली या संस्थेसाठी स्वतंत्र कायदा झाला, 1896 साली रुग्णालयाशेजारी स्वतःची वास्तू झाली, आणि 1930च्या दशकाच्या सुरुवातीला कॉजवे बेच्या लेटन रोडवर. तीच इमारत आज बाहेरून दिसते, मागे उंच टॉवर आणि मध्ये ही जुन्या चिनी-विलायती घाटाची.

आता नावाकडे या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या नावातच आहे. ‘पो’ म्हणजे राखणे, ‘कुक’ म्हणजे कचेरी. ‘लेउंग’चा अर्थ इंग्रजीत ‘निष्पाप’ असा करतात, पण जुन्या चिनी कायद्यात हा शब्द माणसाच्या दर्जाचा होता. लेउंग म्हणजे भल्या घरचे, बाइज्जत लोक. त्यांच्या खाली हीन मानलेले : गुलाम, नट, वेश्या. भल्या घरच्या बाईला जबरदस्तीने वेश्या करणं हा गुन्हा, आणि त्यासाठी चिनी भाषेत आजही चार अक्षरांचा वाक्प्रचार आहे. तेव्हा ही ‘भल्या घरच्यांची राखण करणारी कचेरी’. जी आधीच त्या धंद्यात आहे आणि विचारल्यावर ‘मी माझ्या मर्जीने आले’ म्हणते, ती या राखणीत बसत नाही. कुंटणखान्यात नवी बाई आली की तिला सरकारी अधिकाऱ्यापुढे नेऊन हा प्रश्न विचारत. मालकीण बाहेर उभी असताना ‘नाही’ कोण म्हणेल?

मुलगी आत यायची ती निरनिराळ्या वाटांनी. कोणी जहाजावर चढताना चौकशीत अडकलेली, कोणी शोधकऱ्यांनी सोडवलेली, कोणी मारहाणीला कंटाळून स्वतःच पळून आलेली. आत आली की जबाब लिहून घेत : गाव कुठलं, वय काय, कोणी आणलं, किती हातांतून गेली, कितीला. अधिकाऱ्याच्या हुकुमाने आत आलेल्या बाईला मनात आलं म्हणून बाहेर पडता येत नसे, हेही खरं. या अर्थाने ‘डांबून ठेवायची जागा’ म्हणणारे खोटं बोलत नाहीत. पण दाराबाहेर तिची वाट बघत कोण उभं असायचं, तेही विसरून चालणार नाही. ज्याने पैसे मोजले होते, त्याचा माल आत अडकला होता.

बाहेर जायचे रस्ते ठरलेले. नातेवाईक सापडले तर घरी. नाही सापडले तर लहान मुलगी दत्तक द्यायची, मोठीचं लग्न लावायचं. काहींना इटालियन ननांच्या कॉन्व्हेंटमध्ये किंवा मिशनच्या अनाथाश्रमात पाठवत. बायको हवी असलेला पुरुष मंडळाकडे अर्ज करायचा. हाँगकाँगसारख्या गावात असे कमी नव्हते, आणि इथली मुलगी करायची म्हणजे हुंडाभांड्याची भानगड नाही. त्याचा धंदा, चालचलन तपासत, जामीन घेत, ‘हिला पुढे विकणार नाही’ असं लिहून घेत. मुलीला पसंती विचारत. कागदावर हे सगळं छान दिसतं. मात्र एकटीने राहून कमवून खाणं हा रस्ता त्या यादीत नव्हता. भल्या घरचीला घर हवंच, आणि घर म्हणजे कोणाचं तरी.

इथवर मला फारसं वेगळं वाटत नव्हतं, त्या काळी जगभर असंच चाले. डोकं फिरलं ते एका दुसऱ्याच गोष्टीने, आणि त्यासाठी थोडं स्वयंपाकघरात जावं लागेल.

आमच्या ऑफिसातल्या एका कँटनीज मुलीच्या भावाला मूल झालं, तेव्हा तिने सगळ्यांसाठी मोठा डबा आणला. काळसर गोड व्हिनेगर, त्यात अंगठ्याएवढे आल्याचे तुकडे, डुकराचे पाय आणि कवचासकट उकडून सोललेली अंडी, जी व्हिनेगरमध्ये मुरून तपकिरी झालेली. आंबट-गोड वास लिफ्टपर्यंत. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, तसं त्यांच्याकडे हे. बाळंतीण खाते आणि गणगोतात वाटलंही जातं. मी फक्त अंडं खाल्लं, चव अजून लक्षात आहे.

पुढे कधीतरी जुन्या व्यवहारांबद्दल वाचताना कळलं की गरीब आईबाप मुलगी श्रीमंत घरी कामाला ‘द्यायचे’, तेव्हा कागद व्हायचा, पण त्यात ‘विकली’ असा शब्द नसायचा. मुलगी भेट दिली असं लिहायचं, आणि जे पैसे घेतले त्यांना म्हणायचं ‘आलं-व्हिनेगरचे पैसे’. म्हणजे पोरीची किंमत घेतलेली नाही, आईच्या बाळंतपणाचा खर्च तेवढा भरून घेतला! अशा मुलीला ‘मुई त्साय’ म्हणत, शब्दशः धाकटी बहीण. वय कधी पाच, कधी आठ. पगार नाही. पाणी भरायचं, चहा द्यायचा, मालकाचं पोर पाठीला बांधून हिंडायचं. वयात आली की मालकाने तिचं लग्न लावून द्यायचं, असा रिवाज. चांगलं घर मिळालं तर तसं व्हायचंही. वाईट मिळालं तर तीच मुलगी पुढे कुंटणखान्याला जायची, आणि तिथपर्यंतचा प्रत्येक कागद नियमात बसलेला असायचा.

मी त्या मुलीला विचारलं, हे आलं-व्हिनेगरचे पैसे तू ऐकलेत का? नव्हते ऐकलेले. म्हणाली, पोपोला विचारते. पोपो म्हणजे आईची आई. दुसऱ्या दिवशी सांगत आली, ‘आजी म्हणाली, हे तुला कोणी सांगितलं? आणि मग टीव्हीचा आवाज वाढवला.’

तर, पो लेउंग कुक काढणारे आणि चालवणारे व्यापारी ज्या वर्गातले, त्या वर्गातल्या बहुतेक घरांत मुई त्साय असायच्याच. 1879 साली हाँगकाँगचे मुख्य न्यायाधीश सर जॉन स्मेल भर कोर्टात कडाडले की माणसांची ही खरेदी-विक्री म्हणजे गुलामगिरी आहे आणि ब्रिटिश भूमीवर ती चालणार नाही. तेव्हा याच मंडळींची पाचावर धारण बसली. त्यांनी गव्हर्नरला निवेदन दिलं : पळवून आणणं हा गुन्हा, तो आम्हालाही मोडायचा आहे. पण आईबापांनी आपखुशीने मुलगी देणं हा आमचा जुना रिवाज आहे, आणि तो मोडलात तर गरीब लोक मुली जन्मताच मारतील. शिवाय 1841 साली तुम्हीच जाहीर केलं होतं की चिनी लोकांना त्यांच्या रीतीरिवाजांप्रमाणे राहू देऊ. हेनेसींनी एका जर्मन पाद्री-पंडिताकडून, आयटेल यांच्याकडून, अहवाल लिहून घेतला. त्यात म्हटलं होतं की याला पाश्चात्त्य अर्थाने गुलामगिरी म्हणता येणार नाही. लंडनला तेच ऐकायचं होतं. स्मेल यांची डाळ शिजली नाही.

म्हणून मला वाटतं, ‘दानधर्म की तुरुंग’ ही विभागणीच इथे लागू पडत नाही. दानधर्म खरा होता, त्यांनी खिशातले पैसे घातले, मुली खरोखर वाचल्या. पण कुंपण त्यांनीच आखलेलं होतं. पळवलेली मुलगी कुंपणाच्या आत, ती वाचवायची. रीतसर कागद करून आलेली कुंपणाबाहेर, ती आपल्याच माजघरात. आठ वर्षांच्या पोरीला तो फरक कळत असेल का, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. संस्थेवर टीका झाली तीही भलत्याच कारणाने. 1890च्या दशकाच्या सुरुवातीला व्हाइटहेड नावाच्या इंग्रज बँकरने ओरड केली की ही चिन्यांची गुप्त मंडळी आहे. चौकशी झाली, संस्था निर्दोष सुटली, आणि उलट कायद्याने पक्की झाली.

माजघराचं दार पुढे वाजवलं ते 1919 साली क्लारा हेझलवुड या बाईने. नवरा आरमारात अधिकारी. चर्चमध्ये या मुलींबद्दल प्रवचन ऐकून तिने वर्तमानपत्रांना पत्रं लिहायला घेतली. वरून नवऱ्याला समज आली, बायकोला आवरा. नवरा पठ्ठ्या, त्याने नोकरी सोडली आणि दोघांनी इंग्लंडला जाऊन रान उठवलं. इकडे 1921 साली, 30 जुलैला, ताय पिंग नाट्यगृहात चिनी समाजाची मोठी सभा झाली. शेटजींना मुई त्सायचं ‘संरक्षण’ करणारं मंडळ हवं होतं. चिनी ख्रिस्ती आणि कामगार संघटनांच्या लोकांनी प्रथाच बंद करा म्हणत वेगळी चूल मांडली. त्या सालच्या जनगणनेत मुई त्सायांचा आकडा साडेआठ हजारांवर होता. मला ही वेगळी चूल सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ‘हा आमचा रिवाज आहे’ या वाक्यातल्या ‘आमचा’ला पहिल्यांदा आतूनच आव्हान मिळालं.

1922 साली वसाहतमंत्री होते विन्स्टन चर्चिल. त्यांनी संसदेत प्रथा संपवण्याचं आश्वासन दिलं. 1923 साली कायदा आला, पण मुई त्सायांच्या नोंदणीचं कलम हाँगकाँग सरकारने लागू न करता तसंच ठेवून दिलं, ते लागू व्हायला 1929 उजाडलं. नोंदणीत मुली भरल्या सव्वाचार हजारांच्या वर. बाकीच्या कुठे गेल्या? काही मोठ्या झाल्या असतील, काही घरी गेल्या असतील. बऱ्याच रातोरात ‘दत्तक मुली’ झाल्या, कारण दत्तक मुलीची नोंद करावी लागत नव्हती. 1936 साली लंडनहून आलेल्या आयोगात यावरूनच मतभेद झाले. एडिथ पिक्टन-टर्बरव्हिल या सदस्य बाईंनी वेगळा अहवाल लिहिला : कामाला ठेवलेल्या असोत की दत्तक म्हणवलेल्या, हातबदल झालेल्या सगळ्याच मुलींवर देखरेख हवी. बहुमत सौम्य होतं, पण इतिहासाने बाईंच्या बाजूने कौल दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर कुकचं काम बदलत गेलं. पळवलेल्या बायकांऐवजी टाकून दिलेली तान्ही मुलं, निर्वासितांची पोरं, मग शाळा.

कधी हाँगकाँगला गेलात तर ट्रामने कॉजवे बेला उतरा, लेटन रोड तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर. जुन्या इमारतीत संस्थेचं संग्रहालय आहे. जायच्या आधी वेळा बघून घ्या. संस्थेने जुनी दप्तरं जपून ठेवली आहेत, हे मात्र मानलं पाहिजे. आपल्याला अडचणीत आणणारे कागद सांभाळणाऱ्या संस्था फार नसतात. आणि शनिवारी गेलात तर खिशात सुटे पैसे असू द्या.